‘तयार प्रकल्प’ म्हणून विकले जाणारे ई-कचरा संयंत्र: चौदा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

ई-कचरा पुनर्प्रक्रियेचा उद्योग सुरू करू पाहणाऱ्यांसाठी यंत्रसामग्रीचे विक्रेते ‘तयार प्रकल्प’ या नावाने एक संपूर्ण संच देऊ करतात. बँकेला दाखवायचा प्रकल्प अहवाल, उपकरणे सुटी करण्याची टेबले, केबलमधून तांबे वेगळे करणारे यंत्र, मुद्रित सर्किट बोर्ड दळून धातू आणि अधातू निराळे करणारी मोठी यंत्रमालिका, धूळ ओढणारी व्यवस्था, धातू ओळखणारे हातातले क्ष-किरण उपकरण, विदा (डेटा) पुसण्याचे सॉफ्टवेअर आणि आठवडाभराचे प्रशिक्षण असे सगळे एकाच करारात येते. असा एक संच मी विकत घेतला आणि त्यावर चौदा महिने काम केले. विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण खरेदीपूर्वी पाहिलेले इतर संचही थोड्याफार फरकाने याच घडणीचे होते आणि माझ्या तक्रारी एका विक्रेत्यापेक्षा या घडणीविषयी अधिक आहेत.

माझे मत आरंभीच नोंदवतो. या संचातील सर्वांत स्वस्त वस्तूंनी उद्योग तगवला, आणि ज्या यंत्रमालिकेसाठी बहुतेक पैसा मोजला तिने नवख्या उद्योजकाचे नुकसान कसे होते हे शिकवले. संच वाईट बनवलेला नाही. तो उलट्या क्रमाने विकला जातो.

सुरुवात प्रकल्प अहवालापासून करावी लागेल, कारण खरेदीचा निर्णय त्याच्याच आधारे होतो. अहवालाच्या पहिल्या पानावर संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक ई-कचरा अहवालातील आकडे ठळक छापलेले आहेत: २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, २०३० पर्यंत तो ८.२ कोटी टनांवर जाण्याचा अंदाज आहे आणि २०२२ च्या कचऱ्यापैकी केवळ २२.३ टक्के कचरा अधिकृतपणे गोळा होऊन त्यावर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही. उरलेला तीनचतुर्थांशाहून अधिक कचरा ‘उपलब्ध बाजारपेठ’ आहे, असे प्रकल्प अहवाल गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग कोणाच्या तरी हाती आधीच असतो. तो भंगार गोळा करणाऱ्यांकडे, सुट्या भागांच्या दुकानांत, दुरुस्ती करणाऱ्यांकडे आणि उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्यांकडे जातो, आणि यांपैकी प्रत्येक जण त्याचे रोख पैसे मोजतो. त्यांना ना धूळ गाळण्याचा खर्च असतो, ना घातक अवशेषांची विल्हेवाट लावण्याचा. त्यामुळे खरेदीच्या भावात त्यांच्याशी स्पर्धा करायला गेलेला नियमबद्ध उद्योजक पहिल्याच महिन्यात हात पोळून घेतो. उरलेला पुष्कळसा कचरा घराघरांतल्या कपाटांत आणि कार्यालयांच्या अडगळीच्या खोल्यांत पडून असतो. तो बाहेर काढण्याचा खर्च किती येईल, याविषयी अहवालात एक ओळही नाही.

अहवालातील दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती हिशेबासारखी दिसते. एक टन सर्किट बोर्डांत किती सोने असते ते सांगून त्याला दिवसाच्या क्षमतेने गुणले आहे. सोन्याच्या खाणीतल्या एक टन दगडात बहुधा काही ग्रॅमच सोने असते, तर चांगल्या प्रतीच्या एक टन बोर्डांत शेकडो ग्रॅम असू शकते, ही तुलना वाचताना कोणाचेही भान हरपावे अशीच आहे. पण आत येणाऱ्या एकूण ई-कचऱ्याच्या वजनात बोर्डांचा वाटा जेमतेम काही टक्के असतो. बाकीचे वजन लोखंडी पत्रा, प्लास्टिक, काच, ॲल्युमिनियम, मोटारी आणि केबल यांचे असते. शिवाय सगळे बोर्ड सारखे नसतात. सर्व्हर आणि दूरसंचार यंत्रणेतील बोर्ड, संगणकाचे मदरबोर्ड आणि जुन्या दूरचित्रवाणी संचातील तपकिरी बोर्ड यांच्या मोलात कित्येक पटींचे अंतर असते. त्या तपकिरी बोर्डांवर लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सोडल्या तर फारसे काही हाती लागत नाही. अहवाल या सगळ्यांची एकच सरासरी धरतो. माझ्याकडे पहिल्या तीन महिन्यांत आलेला माल बहुतांशी प्रिंटर, मॉनिटर, यूपीएस आणि संगणकांची रिकामी खोकी असा होता, आणि त्या मालावर अहवालातला हिशेब कधीच लागू पडणार नव्हता.

आता त्या यंत्रमालिकेविषयी, जिच्यासाठी हे सगळे मांडलेले असते. तिचे काम समजायला सोपे आहे. आधी दोन शाफ्टचा श्रेडर बोर्डांचे तुकडे करतो, मग हातोडा-चक्की त्यांचा भुगा करते. चाळण्यांवरून उतरलेला भुगा हवेच्या झोताने हलका आणि जड असा विभागला जातो आणि शेवटी उच्च दाबाच्या विद्युत विलगकात जातो. तिथे फिरत्या धातूच्या ढोलावर पडलेल्या कणांवर विद्युतभार चढतो. धातूचा कण तो भार लगेच ढोलाला देऊन पुढे फेकला जातो. काचतंतू आणि इपॉक्सी राळेचा कण भार धरून ढोलाला चिकटून राहतो आणि मागच्या बाजूला ब्रशने खाली पाडला जातो. प्रात्यक्षिकात एका नळीतून तांबूस भुसा आणि दुसरीतून फिकट पिवळी पूड बाहेर पडताना पाहिली की माणूस करारावर सही करायला तयार होतो. मीही तसाच तयार झालो.

प्रात्यक्षिकात दाखवलेले बोर्ड कोरे होते, म्हणजे सुटे भाग न बसवलेले कारखान्यातले कापीव तुकडे. त्यांत तांबे, काचतंतू आणि राळ यांखेरीज काही नसते. वापरलेल्या बोर्डांवर कॅपॅसिटर, निकेल-लोखंडाच्या पिना, कथलाचा डाग, ॲल्युमिनियम, सिरॅमिक आणि प्लास्टिकचे कनेक्टर असतात आणि दळल्यावर हे सगळे त्या तांबूस भुशात मिसळते. त्यातून मिळणारा पदार्थ तांब्याचा भुसा म्हणून विकता येत नाही. तो ‘मिश्र धातू’ म्हणून जातो आणि त्याचा भाव न दळलेल्या, नीट प्रतवारी केलेल्या बोर्डांपेक्षा माझ्या बाबतीत तरी कमी आला. वीज आणि मजुरी खर्च करून मालाची किंमत उतरवण्याचा हा अनुभव मी दोन खेपा घेतला आणि तिसऱ्या खेपेला यंत्र बंद ठेवले.

याचे कारण धुळीत आहे. बोर्डांवरील सोने बहुधा संपर्कपट्ट्यांवर आणि पिनांवर मुलाम्याच्या अतिशय पातळ थराच्या रूपात असते. हातोडा-चक्कीत तो थर खरवडला जातो आणि त्याचा बारीक अंश प्लास्टिकच्या पुडीत, लोखंडाच्या तुकड्यांवर आणि गाळणीच्या पिशव्यांत जाऊन बसतो. ही केवळ लहान यंत्रांची अडचण नाही. जर्मनीतील एका अद्ययावत पूर्वप्रक्रिया केंद्राचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आत गेलेल्या सोन्यापैकी आणि पॅलेडियम या मौल्यवान धातूपैकी सुमारे एक चतुर्थांशच भाग अशा प्रवाहांत पोहोचल्याचे आढळले, जिथून ते धातू पुढे परत मिळवता येतात. चांदीचे प्रमाण तर ११.५ टक्के इतकेच होते. हे वाचन मी खरेदीपूर्वी केले असते तर विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘तासाला किती किलो’ हा नसता, ‘सोने कुठे जाते’ हा असता.

यंत्रमालिकेच्या बांधणीविषयी मात्र फारसे वाकडे बोलता येत नाही. श्रेडरची पाती दणकट निघाली, गिअरबॉक्सने त्रास दिला नाही आणि सायक्लोन (हवा गरगर फिरवून तिच्यातली धूळ वेगळी करणारे पात्र) व पिशव्यांची गाळणी नेमाने झटकली तर कामाच्या जागेची हवा सुसह्य राहते. क्षमतेचा दावा फुगवलेला आहे. माझ्या मालावर माहितीपत्रकातील आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच काम झाले, कारण चाळण्या वारंवार बुजतात. दमट हवेत विद्युत विलगक जवळजवळ निकामी होतो: पुडीचे गोळे होतात आणि धातूचे कण अधातूसोबत वाहून जातात. भुगा आधी कोरडा करणारी व्यवस्था लागते आणि ती ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळ्या यादीत लपलेली होती. आवाज इतका होतो की कानांच्या संरक्षणाशिवाय कोणालाही तिथे उभे करू नये. या पुडीत शिसे आणि ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक असतात, त्यामुळे साधा कापडी मुखपट्टा चालत नाही; संचासोबत मात्र तोच दिला होता.

केबलमधून तांबे वेगळे करणारे यंत्र ही या संचातील सर्वांत प्रामाणिक वस्तू आहे. केबल कापायची, दळायची आणि पाण्याशिवाय, कंपणाऱ्या जाळीवर हवेच्या झोताने तांब्याचे दाणे आणि प्लास्टिकचे दाणे अलग करायचे, इतकेच त्याचे काम आहे आणि ते त्याला उत्तम जमते. दोन गोष्टी पाळाव्या लागतात. जाड आणि केसासारख्या बारीक तारांच्या केबली एकत्र टाकू नयेत, कारण बारीक तांबे प्लास्टिकसोबत उडून जाते. आणि दोन्ही टोकांचे प्लग आधी कापून घ्यावेत, नाहीतर पितळ आणि लोखंड पात्यांची धार घालवतात. उघड्यावर तारा जाळण्याला हा खरा पर्याय आहे. पीव्हीसीचे आवरण जळताना त्यातल्या क्लोरीनमुळे डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होतात आणि तांब्याच्या सान्निध्यात ती क्रिया अधिकच सुकर होते. शिवाय जळक्या तांब्याचा भाव स्वच्छ दाण्यांपेक्षा कमी येतो. हे यंत्र सुटे मिळत असेल तर नव्या उद्योजकाने ते दुसऱ्या सहामाहीत जरूर घ्यावे.

पहिल्या सहामाहीत काय घ्यावे, याचे उत्तर संचाच्या यादीत शेवटून दुसऱ्या ओळीवर होते: सुटे करण्याची टेबले. पोलादी पृष्ठभाग, खाली खेचणारी हवा, डोक्यावर लोंबणारे हवेवर चालणारे स्क्रू ड्रायव्हर, दोन्ही हातांना पोहोचतील असे बारा खण, आणि शेजारी चांगला वजनकाटा. विक्रेत्याच्या माणसाने ती मांडायला अर्धा तास घेतला आणि त्यांच्याविषयी एक वाक्यही तो बोलला नाही. याच टेबलांवर एक कुशल कामगार संगणकाचे खोके उघडून मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर, हार्ड डिस्क, वीजपुरवठ्याचा डबा, पंखा, केबल आणि पत्रा अशी विभागणी यंत्राहून कितीतरी स्वच्छ करतो. रॅमच्या सोनेरी कडा, सिरॅमिक प्रोसेसर, हार्ड डिस्कमधील निओडिमियमची चुंबके, टँटलम या धातूचे कॅपॅसिटर हे सगळे वेगळे ठेवले तरच त्यांची किंमत येते. एकदा चक्कीत गेले की त्यांची ओळख संपते. टँटलमचे तर विशेष आहे: बोर्डासोबत भट्टीत गेले तर ते मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूपासून वेगळ्या होणाऱ्या टाकाऊ थरात, जाते आणि परत मिळत नाही, म्हणजे ते वाचवायचे असेल तर हातानेच काढावे लागते.

याच टेबलावर आणखी एक निर्णय होतो, ज्याचा उल्लेख अहवालात नाही: उपकरण तोडायचे की दुरुस्त करून विकायचे. चालू अवस्थेतील लॅपटॉप हा लॅपटॉप म्हणून जितका मोलाचा असतो, त्याच्या पासंगालाही त्यातले धातू पुरत नाहीत. स्क्रीन, रॅम, चार्जर, कीबोर्ड यांना सुटे भाग म्हणून गिऱ्हाईक असते. माझ्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा आज या पुनर्वापरातून येतो. पुनर्प्रक्रियेच्या उद्योगाला ही गोष्ट कमीपणाची वाटायचे कारण नाही.

पुनर्वापर करायचा तर विदा पुसण्याचे काम चोख हवे. संचातील सॉफ्टवेअर चुंबकीय हार्ड डिस्कवर नीट चालते. प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकासह प्रमाणपत्रही छापते आणि कार्यालयांकडून माल मिळवताना या कागदाने मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक मदत केली. एसएसडीच्या, म्हणजे चिपांत माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हच्या, बाबतीत मात्र ते अपुरे आहे. एसएसडीमध्ये राखीव जागा असते, जिथपर्यंत बाहेरून केलेले पुनर्लेखन पोहोचत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका पुसण्याच्या तीन पायऱ्या मानते: वरवरचे पुसणे, प्रयोगशाळेतही परत मिळू नये असे निर्मूलन, आणि प्रत्यक्ष नाश. एसएसडीसाठी ड्राइव्हच्या आतल्या आज्ञा वापरून निर्मूलन करावे लागते किंवा चिपा भरडाव्या लागतात. विक्रेत्याने चुंबकत्व घालवणारे एक यंत्रही ‘सर्व साठवणुकीसाठी’ म्हणून सुचवले होते. एसएसडीमध्ये माहिती चुंबकीय रूपात नसतेच, त्यामुळे त्या यंत्राचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. मी ते घेतले नाही, एवढा एक शहाणपणा माझ्या नावावर जमा आहे.

हातातले क्ष-किरण उपकरण लोखंड, स्टेनलेस स्टील, पितळ, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातू ओळखायला चांगले आहे आणि प्लास्टिकमध्ये ब्रोमीन आहे की नाही हेही सांगते. पण त्याच्या पडद्यावर दिसणारे सोन्याचे प्रमाण पाहून कोणी माल खरेदी करू नये. त्याची दृष्टी पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरापुरती असते, म्हणून मुलामा दिलेल्या पिनेवर ते धरले तर संपूर्ण पिनेत खरोखर असते त्याहून कितीतरी जास्त सोने ते दाखवते. मी पिनांचे एक पोते अशा आकड्यावर भुलून घेतले होते. प्रयोगशाळेचा निकाल आल्यावर ते प्रकरण मिटले. मिटले म्हणजे पैसे गेले.

संचात जे नाही त्याविषयी अधिक लिहायला हवे, आणि त्यात बॅटऱ्या पहिल्या येतात. मोबाइल, टॅबलेट, कानात घालायचे बिनतारी ध्वनियंत्र (इअरबड), खेळणी, इलेक्ट्रिक दात-ब्रश अशा असंख्य वस्तूंत आज लिथियम-आयन घट (बॅटरीचा सेल) असतो आणि तो पुष्कळदा डिंकाने चिकटवलेला असतो. तो दबला, टोचला गेला किंवा त्याची टोके जुळली की आतली उष्णता स्वतःच स्वतःला वाढवत जाते आणि घट पेट घेतो. सहाव्या महिन्यात आमच्या श्रेडरच्या पट्ट्यावर असेच झाले. इअरबडची एक डबी नजरेतून सुटली, पात्यांत गेली आणि धूर निघू लागला. संचासोबत मिळालेल्या कोरड्या पुडीच्या अग्निशामकाने ज्वाळा विझल्या, पण घट थंड झाला नव्हता आणि थोड्याच वेळात त्याने पुन्हा पेट घेतला. लिथियम-आयनच्या आगीत थंड करणे महत्त्वाचे असते आणि त्यासाठी भरपूर पाणी उपयोगी पडते, हे आम्हाला नंतर अग्निशमन प्रशिक्षकाकडून कळले. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक वायू असतात, म्हणून कामगारांनी जवळ न थांबणे हेच योग्य. कोणाला इजा झाली नाही. पट्टा मात्र बदलावा लागला.

त्या घटनेनंतर आम्ही मालाच्या स्वीकृतीपाशीच बॅटऱ्या काढण्याचा स्वतंत्र कोपरा केला. फुगलेले घट एकेकटे कोरड्या वाळूच्या पिंपात जातात, बाकीच्यांच्या टोकांना चिकटपट्टी लागते, पिंपे मुख्य इमारतीपासून दूर ठेवली जातात आणि यूपीएसमधील शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या यांच्यात कधीही मिसळल्या जात नाहीत. या सगळ्याला आलेला खर्च यंत्रमालिकेच्या तुलनेत नगण्य होता. आठवडाभराच्या प्रशिक्षणात बॅटऱ्यांना दिलेला वेळ एका तासाहून कमी होता आणि तोही चहापानाच्या आधीचा.

अशीच उपेक्षा इतर घातक घटकांची आहे. युरोपीय संघाच्या २०१२ च्या ई-कचरा निर्देशात कोणते घटक आधी वेगळे काढलेच पाहिजेत याची यादी आहे: बॅटऱ्या, पारायुक्त भाग, टोनरची काडतुसे, ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक असलेले प्लास्टिक, दहा चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठे सर्किट बोर्ड, घातक द्रव्ये असलेले २५ मिलिमीटरहून उंच इलेक्ट्रोलाइट कॅपॅसिटर वगैरे. आपण जगात कुठेही काम करत असलो तरी ही यादी टेबलासमोरच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे. जुन्या सपाट मॉनिटरमध्ये पडद्यामागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात. त्या काढताना अनेकदा फुटतात, म्हणून त्यासाठी हवा खेचणारे वेगळे टेबल हवे. टोनरची पूड हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होऊ शकतो. आणि जुन्या नळीवाल्या पडद्यांच्या मागील शंकूच्या काचेत वजनाने पाव भागापर्यंत शिशाचे ऑक्साइड असते. अहवालात ‘काच: विक्रीयोग्य’ असे लिहिले आहे. ही काच नव्या पडद्यांसाठी वितळवून वापरण्याचा काळ तशा पडद्यांच्या उत्पादनासोबतच संपला. आज ती घ्यायला कोणी पैसे देत नाही, उलट ती सोपवताना आपल्यालाच द्यावे लागतात. ज्याने हे लक्षात न घेता कार्यालयांचे जुने पडदे फुकट मिळतात म्हणून उचलले, त्याने कर्ज उचलले असे समजावे.

विक्रीच्या बाजूला या संचाची मदत शून्य आहे, आणि उद्योग टिकतो किंवा बुडतो तो नेमका इथेच. बोर्डांतले मौल्यवान धातू परत मिळवण्याचे काम जगात मोजक्या मोठ्या भट्ट्या नीट करतात: बेल्जियममधील होबोकेन येथील उमिकोर, स्वीडनमधील रोन्नश्कार येथील बोलिडेन, जर्मनीतील लूनेन येथील ऑरुबिस, जपानमधील कोसाका येथील डोवा. होबोकेनच्या केंद्रात १७ धातू परत मिळवले जातात. लहान उद्योजक त्यांच्यापर्यंत सहसा थेट पोहोचत नाही, मधल्या एकत्रीकरण करणाऱ्या व्यापाऱ्याला माल देतो. पण व्यवहाराची रीत वरून खालपर्यंत तीच झिरपते. मालाची खेप तोलली जाते, तिचा नमुना काढला जातो, दोन्ही बाजू त्याची परख करतात, निकालांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तफावत आली तर तिसऱ्या प्रयोगशाळेचा निकाल मानला जातो. मग तांबे, सोने, चांदी आणि पॅलेडियम यांच्या परखलेल्या प्रमाणातील ठरावीक हिश्श्याचेच पैसे धरले जातात, त्यातून प्रक्रियेचे आणि शुद्धीकरणाचे शुल्क वजा होते, आणि नको असलेल्या घटकांबद्दल दंडही लागतो. या सगळ्याला आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि तोवर धातूंचे भाव हलत राहतात.

म्हणून खेळते भांडवल हा या उद्योगाचा श्वास आहे. अहवालातील रोख प्रवाहाच्या तक्त्यात माल ज्या महिन्यात आला त्याच महिन्यात विकला गेला असे धरले आहे. मी माल रोखीने घेत होतो, पगार दर महिन्याला देत होतो आणि विक्रीचे पैसे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पाहत होतो. यंत्रमालिकेत अडकलेला पैसा त्या वेळी हाताशी असता तर मी पहिल्या मोठ्या खेपेतले बोर्ड घाईने, पडत्या भावाने विकले नसते. नमुना कसा काढावा हे तरी प्रशिक्षणात शिकवायला हवे होते. ढिगाच्या वरून मूठभर उचलणे म्हणजे नमुना नव्हे, आणि आपल्याच मालाचे प्रमाण आपल्याला ठाऊक नसेल तर समोरच्याचा आकडा मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

माल देशाबाहेर पाठवण्याचा विचार असेल तर विक्रेत्याचा ‘आम्ही निर्यातीत मदत करू’ हा शब्द तपासून घ्यावा. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय बाझल करारात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्त्या १ जानेवारी २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि तेव्हापासून घातक असो वा नसो, सर्वच ई-कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीला आयात करणाऱ्या देशाची पूर्वसूचित संमती लागते. मला दिलेली निर्यातीची माहितीपुस्तिका त्याआधीची होती. ही संमती मिळायला वेळ लागतो आणि तो वेळही खेळत्या भांडवलातूनच जातो.

विक्रीपश्चात सेवेबद्दल तक्रार थोडी आहे आणि समाधान बरेच. पात्यांना धार लावून देणे, सुटे भाग पाठवणे, दूरध्वनीवरून मार्गदर्शन करणे हे सगळे वेळेवर झाले. माझ्या प्रश्नांपैकी यंत्राविषयीच्या प्रत्येकाला उत्तर मिळाले; मालाविषयीच्या एकाही प्रश्नाला मिळाले नाही. विक्रेता यंत्र ओळखतो, भंगार ओळखत नाही, आणि ही मर्यादा त्याने सहीपूर्वी सांगितली असती तर हे परीक्षण अधिक मवाळ झाले असते. उलट, माझ्याकडे सुटे करण्याचे काम करणारा एक ज्येष्ठ कामगार, ज्याने आयुष्यभर भंगारातच काम केले आहे, बोर्डाचा रंग, जाडी आणि चिपांची दाटी पाहून त्याची प्रत जवळजवळ अचूक सांगतो. प्रशिक्षणाचा आठवडा मी त्याच्याकडूनच घ्यायला हवा होता.

संच घ्यावाच असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांनी दोन अटी घालाव्यात. प्रात्यक्षिक आपल्या स्वतःच्या, मिश्र, वापरलेल्या मालावर दोन दिवस घ्यायचे. आणि आत टाकलेले वजन, बाहेर आलेल्या प्रत्येक प्रवाहाचे वजन आणि गाळणीच्या पिशव्यांत अडकलेल्या धुळीचे वजन यांचा मेळ घालून त्या तिन्हींचे नमुने त्रयस्थ प्रयोगशाळेत पाठवायचे. विक्रेता याला तयार होत नसेल तर टेबले, वजनकाटा आणि केबलचे यंत्र एवढेच सुटे मागावे. बोर्ड दळण्याची मालिका कोरे कापीव बोर्ड नियमितपणे आणि मोठ्या प्रमाणावर मिळणाऱ्याला उपयोगी पडेल, हे मला मान्य आहे. तसा पुरवठा ज्याच्याकडे बांधलेला आहे त्याने माझ्या तक्रारीतला निम्मा भाग सोडून द्यावा.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. यंत्रमालिकेच्या मागच्या नळीतून पडणारी ती फिकट पिवळी पूड, म्हणजे काचतंतू आणि राळ यांचे मिश्रण, माहितीपत्रकानुसार फरशा आणि विटा बनवणारे हातोहात घेऊन जातात. माझ्याकडे आलेल्या दोघांनी आधी ब्रोमीन आणि शिशाचे पृथक्करण मागितले, अहवाल वाचला आणि नमस्कार करून निघून गेले. घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राने ती स्वीकारण्याचा दर कळवला आहे, आणि तो दर त्याच पुडीसोबत निघालेल्या धातूच्या नफ्याहून अधिक आहे. यंत्र बंद करून आठ महिने झाले. पुडीची पोती गोदामाच्या कोरड्या भिंतीलगत, ताडपत्रीखाली, अजून तशीच रचून ठेवलेली आहेत.